खोटा विटाळ

आमच्या आळीत बाईला दिवस गेले की ते तिच्या नवऱ्याच्या आधी शेजारणींना कळायचे. त्यात चमत्कार काही नव्हता. नाशकातल्या जुन्या वस्तीत आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. ओळीने तीन घरं, मागे तिन्हींना मिळून एक लांब पडवी आणि पडवीपुढे परस. बाई विटाळशी झाली की ती चार दिवस पडवीत पोत्यावर बसायची. चुलीकडे जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. ताट लांबून सरकवायचे, पाणी वरून ओतायचे. न्हाऊन झालं की परत घरात. एखादी त्या महिन्यात पोत्यावर दिसली नाही की सगळ्यांचे डोळे तिच्यावर. कपडे वाळत घालायला परसात गेलं तरी पलीकडून प्रश्न यायचा, "काय गं, ह्या खेपेला कावळा वाट चुकला वाटतं?"

मी लग्न होऊन त्या घरात आले ते तीस सालानंतर लवकरच. माझं माहेर वणीचं. यजमान नाशिकरोडला मालधक्क्यावर कारकून होते. ट्राम बंद पडली होती, त्यामुळे मोटारीने जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्या विधवा आणि कडक सोवळ्याच्या. मी ओलेत्याने त्यांच्या दोन हातांवरून गेले तरी त्या पदर आवरून मागे सरायच्या. पण माणूस हसरं होतं. शेजारच्या घरात चुलत सासूबाई राहायच्या, त्यांना आम्ही काकू म्हणायचो. काकूंना दिवसातून चार वेळा आमच्या घरात डोकावल्याशिवाय चैन पडत नसे.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ते मला सांगितलं काकूंनी. मी मनात धरत होते की दोनचार दिवस पुढे गेलं असेल. काकू लिंबाच्या लोणच्याची वाटी घेऊन आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, पाळणा बाहेर काढा. मी ध्यानात ठेवून आहे, सुनेने गेल्या महिन्यानंतर पोतं झटकलेलं नाही." दुपारपर्यंत आळीभर झालं. दुसऱ्या महिन्यात ते टिकलं नाही. मग त्याच सगळ्याजणी एकेक करून आल्या. काय उचललंस, काय खाल्लंस, कुठे ओलांडलंस. मी पपई खाल्ली नव्हती, पण सांगून सांगून मलाच शंका यायला लागली. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा तसंच झालं. तोच महिना, तीच लोणच्याची वाटी, त्याच चौकशा.

सासूबाई मला धीर द्यायच्या. "अगं, रक्ताची गाठ ती. एवढ्यात काही झालेलं नसतं त्यात. मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांचं मन मला कळत होतं. पण नुसती गाठ गेली असेल तर माझी ही अवस्था का व्हावी, ते कळत नव्हतं. मला सोसायला काही हरकत नव्हती. आपण काय सोसतोय ते मात्र समजून घ्यायचं होतं. तेव्हा देवीच्या दर्शनाला जाते म्हणून सांगितलं आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुंबईहून शिकून आलेल्या ह्या बाईंनी गावात नुकताच दवाखाना घातला होता. दुपारची वेळ होती, दवाखान्यात कुणी नव्हतं. बाई डबा खात बसल्या होत्या. मी विचारलं, "दुसऱ्या महिन्यात जातं ते काय असतं? गाठ असते का?"

त्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. "तुम्हाला खरं ऐकायचंय?"

"त्यासाठीच आले."

"मग बसा." डबा तसाच उघडा ठेवून त्या सांगायला लागल्या. सुरुवातीला ते नळीतून हळूहळू खाली उतरत असतं आणि उतरता उतरताच एकाचे दोन, दोनाचे चार होत असतात. मग ते पिशवीच्या अस्तरात रुजतं, बी मातीत रुजतं तसं. तोवर बाईला काही पत्ता नसतो. पाळी चुकते तेव्हा ते जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचं काळीज चालू होतं.

"खसखशीला काळीज?"

"तोवर तांदळाच्या कणीएवढं झालेलं असतं," बाई हसल्या. "सगळ्यात आधी तेच कामाला लागतं. मग हातापायांचे कोंब फुटतात. डोळ्यांच्या जागी काळे ठिपके येतात. दोन महिने होताना हे एवढं." त्यांनी डब्यातल्या उसळीतला घेवड्याचा एक दाणा बोटाने बाजूला काढला. "त्याला बोटंसुद्धा दिसायला लागलेली असतात."

मी त्या दाण्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "मग ते जातं कशानं? माझं काय चुकलं?"

"काही नाही. पुष्कळदा पहिल्यापासूनच घडी नीट बसलेली नसते. ते वाढायचं थांबतं आणि मग शरीर ते सोडून देतं. तुम्ही काय खाल्लंत, काय उचललंत, त्याचा काही संबंध नाही."

घरी परतताना मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. गाठ नव्हती, दोन मुलं होती. निदान रडायचं कशासाठी ते ठरलं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आधी सासूबाईंच्या कानावर घातलं. पाळी पुढे जाऊन आठवडा झाला नव्हता, पण सकाळी चुलीच्या धुराने पोट ढवळायला लागलं होतं. सासूबाईंनी दार लोटून घेतलं.

"काकूला कळलंय?"

"नाही अजून."

"कळू द्यायचं नाही. दोन्ही वेळा तिच्या तोंडातून निघालं आणि गेलं. वाईट नाही गं ती, पण जीभ काळी आहे. आणि नुसती तिची नाही, सगळ्या आळीची."

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करायची रीत होती. माहेरची माणसं गुपचूप हिरव्या खणाची चोळी आणून गरवारशीच्या अंगात घालतात, आणि त्यानंतर चार माणसांत सांगायला मोकळीक. तिथपर्यंत पोचायचं होतं. दोनदा मी अलीकडेच थांबले होते. सासूबाईंनी मनाशी विचार करून बेत सांगितला, "तू आजपासून पडवीत बस."

"पण मी तर..."

"तेच म्हणते. बस. पोत्यावर दिसलीस की कुणाच्या मनात येणार नाही. चोरचोळीपर्यंत दर महिन्याला बसायचं. दोनदा तर बसायचंय."

मी म्हटलं, "खोटा विटाळ पाळायचा? देवाला चालेल?"

सासूबाई ह्याबाबतीत ठाम होत्या. "देवाला खरं काय ते माहीत आहे. खोटं लोकांपुढे आहे, त्याच्यापुढे नाही."

यजमानांना सांगितलं तर ते गोंधळले. "म्हणजे आई तुला खरोखर शिवणार नाही?"

"नाही. तुम्हीही शिवायचं नाही. आणि माझ्याकडे बघून हसायचं तर मुळीच नाही."

मी पोत्यावर बसले. सासूबाई रीतीप्रमाणे लांबून ताट सरकवायच्या, वरून पाणी घालायच्या, आणि काकू दिसल्या की मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "तिकडेच थांब गं, तांब्याला हात लावशील!" एकदा काकू गेल्यावर मला दटावलं, "जरा कण्हत जा. एवढी टवटवीत कुणी बसते का?"

"येत नाही हो मला."

"न यायला काय झालं? पोट धरायचं आणि डोळे मिटायचे."

पडवीच्या टोकाला कमरेएवढी भिंत होती. पलीकडे कल्हईवाल्याचं घर. त्याची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, कोंबड्या पाळायची. आमचे विटाळाचे नियम तिला लागू नव्हते, त्यामुळे मी बसले की तीच काय ती भिंतीवर हात टेकून माझ्याशी गप्पा मारायची. तिसऱ्या दिवशी ती आवाज खाली करून म्हणाली, "सूनबाई, हे तुझं बसणं झूठ आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. "कशावरून?"

"तीन दिवस झाले, दोरीवर एक फडकं वाळत नाही तुझं. मी काय अंधळी आहे?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "घाबरू नको. माझ्या पेटीला कुलूप आहे." आणि जरा वेळाने, "थांब, तुला एक गंमत दाखवते."

ती खोक्यासारखा एक टिनाचा डबा घेऊन भिंत ओलांडून आली. डब्याला वर भोक होतं आणि आत पेटती चिमणी. पदरात पाचसहा अंडी. तिने अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवून आठवडा होत आला होता, आणि कुठली अंडी धरलीत ते तिला बघायचं होतं. बघायला अंधार हवा. तिने खांद्यावरचा बुरखा झटकला आणि आम्हां दोघींच्या डोक्यावरून घेतला. आत रॉकेलचा वास आणि तिच्या तोंडातल्या पानाचा.

तिने एक अंडं भोकावर धरलं. नुसतं पिवळं उजेडाने भरलेलं. "हे रिकामं." दुसरं धरलं. मधे एक लाल ठिपका, आणि त्याच्यापासून चहूकडे बारीक लाल दोरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ठिपका हलत होता. मी डोळे जवळ नेले. तो थांबून थांबून हलत नव्हता, एकसारखा हलत होता.

"दिल आहे ते," चाची म्हणाली. "अजून चोच नाही, पंख नाही, काही नाही. पण दिल आहे."

तिसऱ्या अंड्यात दोरे नव्हते. एक लाल कडं तेवढं दिसत होतं, आणि आत काही हलत नव्हतं. चाचीने ते फिरवून फिरवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "हे चालू होतं, थांबलं."

"का?"

"मला काय ठाऊक? कोंबडी तर दाण्यापुरतीच उठते. ह्याच्यासाठी वेगळी थोडीच उठली?"

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं काय चाललंय दोघींचं? आणि धूर कसला?"

चाचीने बुरखा बाजूला केला. सासूबाईंनी अंडी बघितली आणि दोन पावलं मागे गेल्या. "अंडी! माझ्या पडवीत?"

"खायला नाही आणली भाभी, बघायला आणलीत. बघून पण विटाळ होतो का?"

"होत असेल. विचारते भटजींना."

"विचार जरूर. पण भटजी पुसतील, तुम्ही कुठे बघितली, तर काय सांगशील?"

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसू आवरत नव्हतं त्यांना.

मी पुन्हा भिंतीला टेकून बसले. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने माझ्या पोटातही त्याच सुमाराला तेच चालू झालेलं असणार. आजवर ते ऐकून माहीत होतं. आता डोळ्यांनी पाहिलं होतं. मी इतर कुठल्या गोष्टीत भाबडी नाही, पण पुढचा महिनाभर काम करताना मधेच हात थांबायचा आणि वाटायचं, चालू आहे.

न्हाऊन घरात आले. बेत तंतोतंत पार पडला होता. काकूंनी हळहळ व्यक्त केली, आणि लोणचं आणलं नाही.

पुढचा महिनाही तसाच गेला. मला सकाळी उलट्या व्हायच्या, त्या मी न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून काढायची. सासूबाई माझ्यासाठी बाजूला भाजलेली भाकरी ठेवायच्या. माझ्या आईला वणीला निरोप गेला, खण घेऊन ये. पुन्हा पडवीत बसायचे दिवस आले तोवर सासूबाईंना ह्या नाटकात गोडी वाटायला लागली होती. चाचीने चूक दाखवून दिली होती, म्हणून ह्या खेपेला त्यांनी जुन्या लुगड्याची दोन फडकी भिजवून परसातल्या दोरीवर, आडोशाला पण दिसतील अशी, घालायला सांगितली. चाची मात्र नव्हती. मुलीच्या बाळंतपणासाठी ती मालेगावला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी कंबर भरून आली होती. पोत्यावर बसून होतं असं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुपारी पोटात कळ यायला लागली. सासूबाईंना हाक मारणार तेवढ्यात काकू कापूस घेऊन आल्या आणि आमच्या मागल्या दारातच वाती वळत बसल्या. सासूबाईही तांदूळ निवडायला घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

मी म्हटलं, "आई, जरा बघता का? पोटात फार कळ येतेय."

सासूबाईंनी सुपातून मान वर केली. डोळे चमकत होते. "येणारच. दर महिन्याचं दुखणं तुझं."

"ओवा द्या वहिनी तिला," काकू म्हणाल्या.

"दिलाय की सकाळी. पण हिला सोसतच नाही. गेल्या महिन्यातही अशीच विव्हळत होती."

गेल्या महिन्यात मी विव्हळले नव्हते. मी म्हटलं, "आई, नेहमीसारखं नाहीये हो."

"नेहमीसारखं नाही तर कसं आहे? पड जरा कुशीवर." आणि काकूंचं लक्ष कापसाकडे आहे असं पाहून त्यांनी मला मान डोलावून शाबासकी दिली.

काकू म्हणाल्या, "खरं सांगू वहिनी, मला ह्या खेपेला वाटलं होतं हो काहीतरी असेल. तोंडावर तेज दिसत होतं तिच्या."

"कसलं तेज घेऊन बसलीस! उन्हाने रापलीये ती."

आणखी एकदा तोंड उघडलं असतं तर सासूबाईंना उमजलं असतं. पण काकूंना त्याच क्षणी सगळं कळलं असतं. कळ आपोआप थांबली असती तर? महिनाभर एवढ्या कष्टाने झाकलेलं नाहक उघडं पडलं असतं, आणि उघडं पडलं की काय होतं ते दोनदा पाहिलं होतं. म्हणून मी कुशीवर पडले, अंगावर कांबळं ओढलं, पदर दातांत धरला आणि काकू उठायची वाट बघायला लागले. मला वाटत होतं, न हलता पडून राहिलं तर थांबेल. कापूस बराच होता. त्या त्यांच्या माहेरच्या लग्नातलं कुणाच्या तरी मानापानाचं सांगत होत्या. मला अजून आठवतं, त्या लग्नात विहिणीला जरीचं न देता सुती दिलं होतं.

काकू गेल्या तोवर सगळं होऊन गेलं होतं.

सासूबाई दार लावून वळल्या त्या हसतच. "अगं, नाटकात काम करशील तू! काकूला तर..." मी अंगावरचं कांबळं बाजूला केलं. तेवढं पुरलं.

त्या धावल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. सरळ आल्या, पोत्यावर माझ्याशेजारी बसल्या आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. त्यांचं धुवट लुगडं माझ्या रक्ताने भरत होतं आणि त्या ते बघतही नव्हत्या. मग म्हणाल्या, "तू सांगत होतीस."

मी त्यांचा हात धरला.

"तू मला सांगत होतीस गं."

मग आवराआवर करायची होती, ती दोघींनी केली. मी पाहिलं आणि सासूबाईंनीही पाहिलं. गाठ हा शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नाही. एवढ्या लहान जिवाला मंत्र नाही, अग्नी नाही, सुतक नाही. घरच्या पुरुषाने अंघोळ केली की झालं. सासूबाईंनी खुरपं घेतलं आणि परसातल्या आळूच्या वाफ्याशेजारी माती उकरली. त्या वाफ्यातला आळू पुढे आम्ही कधी काढला नाही. काकूंना वाटायचं आम्हाला त्याची खाज येते.

यजमान संध्याकाळी आले तर घरात दिवा नाही, चूल थंड. मला शिवल्यामुळे सासूबाईंनाही घरात जाता येत नव्हतं, आणि न्हायला उठायचं त्यांच्या मनात नव्हतं. आम्ही दोघी पोत्यावर शेजारी शेजारी बसलेल्या त्यांनी दारातून पाहिल्या. सासूबाई पोत्यावर! त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. ते टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. मग डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

बाईंनी तपासलं, औषध दिलं, पाय उंच ठेवायला सांगितले. त्या निघाल्या तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई, एक विचारते. मी हिला खोटं बसवलं. विटाळ नसताना विटाळशी म्हणून बसवलं. म्हणून खरं झालं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो आई. बसवलं म्हणूनही नाही, नसतं बसवलं तरी झालं असतं. कदाचित आतलं केव्हाच थांबलेलं होतं."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. मला चाचीचं अंडं आठवत होतं. मी ते त्यांना सांगितलंही. "कोंबडी उठली नव्हती, तरी थांबलं होतं." त्या म्हणाल्या, "मी कोंबडी नाही. मला जीभ होती, कान होते."

यजमानांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा भात लावला. खाली लागला होता. दोघींना ताटं आणून दिली, लांबून सरकवली नाहीत, हातात दिली. सासूबाई न्हायला गेल्या तेव्हा ते माझ्याजवळ टेकले आणि खाली बघत विचारलं, "केवढं होतं?"

एवढ्या वर्षांत, तिन्ही वेळा मिळून, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं.

"हात होते?"

"होते."

त्यांनी माझा तो अंगठा मुठीत धरला आणि तसेच बसून राहिले.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात गेले. आळीच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. सून बसली होती, सून न्हाली. काकू म्हणाल्या, "होईल गं, पुढच्या महिन्यात बघू." माझी आई खण घेऊन वणीहून आली ती तसाच ट्रंकेत घेऊन परत गेली. आधीच्या दोन्ही वेळी बायका विचारपूस करायला यायच्या तेव्हा मला त्यांचा संताप यायचा, कधी एकदा जातील असं व्हायचं. ह्या वेळी कुणी आलं नाही. मी हौदावर धुणं धुवायची, शेजारणी भाजीच्या भावाबद्दल बोलायच्या, आणि मला वाटायचं, एकीने तरी विचारावं, काय गं, काय उचललंस? सासूबाईंचा बेत पुरता यशस्वी झाला होता. कुणालाही कळलं नाही.

चाची परत आली तेव्हा तिने भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं, नातू झाल्याची बातमी तोंडात आली होती ती गिळली, आणि आत निघून गेली. बातमी मला दुसऱ्याकडून कळली.

त्यानंतर मला दिवस गेले नाहीत. दर महिन्याला मी खरी बसायची, आणि सासूबाई चारही दिवस आपलं निवडण-टिपण घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी येऊन बसायच्या. मी नुसता श्वास सोडला तरी त्या विचारायच्या, "काय होतंय?" मी म्हणायची, "काही नाही." पाच मिनिटांनी पुन्हा विचारायच्या. झालेल्या गोष्टीबद्दल मात्र आम्ही बोललो नाही. मला वाटलं होतं, त्या विसरायचा प्रयत्न करताहेत. म्हाताऱ्या माणसाला तसं करू द्यावं.

काही वर्षांनी काकूंच्या नातवाची मुंज निघाली. आदल्या दिवशी दुपारी बुंदी पाडून झाली होती, आणि आम्ही सगळ्या बायका परातीभोवती लाडू वळायला बसलो होतो. काकूंच्या विहीणबाई विंचूरहून आल्या होत्या. बोलक्या होत्या. प्रत्येकीची चौकशी करता करता त्या सासूबाईंकडे वळल्या. "तुमच्या सुनेला मुलं किती?"

काकू घाईने म्हणाल्या, "विहीणबाई, वेलदोडे पुरेसे पडलेत का बघता का जरा?"

सासूबाईंनी हातातला लाडू ताटात ठेवला. "तीन झाली," त्या म्हणाल्या. "राहिलं एकही नाही."

"अगं बाई," विहीणबाई ओशाळल्या.

काकू हळूच म्हणाल्या, "वहिनी, दोन ना?"

"तीन."

"मला माहीत नाही का? दोन्ही वेळी मीच तर..."

"तिसरं तुला कळू दिलं नाही मी."

काकूंचे हात परातीत तसेच राहिले. "कधी हो वहिनी?"

"तू दारात बसली होतीस," सासूबाई म्हणाल्या. "मीही तिथेच होते. ती सांगत होती, आणि आपण दोघी बोलत बसलो होतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती दुपार आठवली की नाही, सांगता येत नाही, पण त्यांचा चेहरा उतरला आणि त्या तेलकट हातांनीच डोळे पुसायला लागल्या. बाकीच्या बायका कुणी माझ्याकडे, कुणी परातीकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही. इतकी वर्षं हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं असं मला वाटत होतं, आणि म्हटल्यावर कुठे बघावं ते सुचेना.

सासूबाईंनी परात माझ्याकडे सरकवली. "वळा गं," त्या म्हणाल्या, "पाक आळतोय."